आधी गच्ची मोजा, मग सोलरवाल्याला बोलवा

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीत एक सोलरवाला आला होता. मुलुंड पूर्वेची आमची बिल्डिंग, दोन विंग, स्टिल्टवर चार मजले, २८ घरं. तो गच्चीवर गेला, दहा मिनिटं इकडे तिकडे फिरला, मोबाईलवर दोन फोटो काढले आणि खाली येऊन चहा पिता पिता म्हणाला, साहेब आरामात ३० किलोवॉट बसेल. सेक्रेटरी काकांनी मान डोलावली, खजिनदारांनी आकडा विचारला, आकडा ऐकून मान डोलवायची थांबली. मला आकड्यापेक्षा ते "आरामात" खटकलं, कारण आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, लिफ्टच्या दोन खोल्या आहेत, डिशच्या छत्र्यांचं जंगल आहे, आणि मार्च ते मे तिथे पापड-कुरडया वाळत असतात, तिथे हात लावायची कोणाची हिंमत नाही.

मग रात्री लॅपटॉप उघडला, फुकटच्या नकाशावर गच्ची मोजली, आणि एक-दोन रविवार टेप घेऊन वर चढलो. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितोय, कारण पर्यावरणाच्या नावाने जे सल्ले मिळतात ते बहुतेक बंगलेवाल्यांसाठी असतात, अंगण, परसबाग, स्वतःची विहीर वगैरे. आपल्याकडे मुंबईत काय आहे तर एक सामाईक गच्ची, कंपाउंडची एक पट्टी, चार-पाच झाडं आणि एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, भांडणारी माणसं. यातलं किती काय कामाचं आहे ते आधी नकाशावर मांडलं ना, की खर्च निम्म्याने कमी होतो, निदान आमचा तरी झाला.

काय लागतं

लॅपटॉप, नेट, ३० मीटरची टेप (हार्डवेअरच्या दुकानातली कापडी चालते), खडू, आणि वॉचमनशी ओळख. सॉफ्टवेअर सगळं फुकट. गूगल अर्थ प्रो २०१५ पासून फुकट झालंय, ते टाकून घ्या. नंतर हौस वाढली तर क्यूजीआयएस, नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, ते तर ओपन सोर्सच आहे, पैसे द्यायचा प्रश्नच नाही. इस्रोची भुवन नावाची नकाशांची साइट पण आहे, २००९ पासून चालू आहे, मोठ्या भागाचे जमीन वापराचे नकाशे बघायला बरं, पण एका बिल्डिंगची गच्ची मोजायला मी गूगल अर्थच वापरतो.

गच्ची मोजणे

गूगल अर्थ प्रोमध्ये आपली बिल्डिंग शोधा, झूम करा, मग कीबोर्डवरचं आर दाबा म्हणजे नकाशा सरळ होतो, उत्तर वर येते आणि आपण बरोब्बर डोक्यावरून बघतो. हे विसरलात तर तिरकं मोजलं जातं. मग वरच्या पट्टीतलं रुलर घ्या, त्यात पॉलिगॉन निवडा, गच्चीचे कोपरे एकेक करून क्लिक करा, खाली क्षेत्रफळ येतं, युनिट चौरस मीटर करून घ्या.

इथे एक गंमत आहे जी मला आधी कळली नव्हती. सॅटेलाइट दर वेळी डोक्यावरूनच फोटो काढतो असं नाही, थोडा बाजूने पण काढतो, त्यामुळे बिल्डिंग फोटोत कलंडलेली दिसते आणि गच्ची पायापासून सरकलेली असते. आपल्याला मोजायची आहे गच्ची, म्हणून कठड्याची कड धरायची, जमिनीवर बिल्डिंग जिथे टेकते ती नाही. आमच्या शेजारच्या टॉवरचा तर एका वर्षीच्या फोटोत सरळ एक अख्खा बाजूचा भाग दिसतो, खिडक्या मोजता येतील इतका. वर घड्याळाचं चिन्ह असतं त्याने जुने फोटो बघता येतात, त्यातला सगळ्यात सरळ फोटो निवडा. (हे जुने फोटो बघायला बसलात की रात्रीचे दोन वाजतात, सांगून ठेवतो. आपली बिल्डिंग, बाजूचं मैदान, मिठागरांकडे काय काय उभं राहिलं, सगळं दिसतं.)

स्क्रीनवर माझी गच्ची आली ३१.२ बाय १४.१ मीटर, म्हणजे ४४० चौरस मीटर. टेपने आली ३०.४ बाय १३.८, म्हणजे ४२०. फरक २० चौरस मीटरचा, म्हणजे एका मोठ्या हॉलएवढा. नकाशा अंदाजाला ठीक, कोटेशनला टेपच.

क्यूजीआयएसमध्ये करणार असाल तर एक धडा. मी पहिल्यांदा पॉलिगॉन काढून फील्ड कॅल्क्युलेटरमधून क्षेत्रफळ काढलं तर उत्तर आलं ०.०००००००३६. मी तासभर डोकं धरून बसलो. झालं असं होतं की नकाशा अंशांमध्ये होता, अक्षांश-रेखांशाच्या अंशात, त्यामुळे क्षेत्रफळ पण चौरस अंशात आलं, ज्याचा आपल्याला काडीचा उपयोग नाही. लेयर (म्हणजे आपण काढलेली आकृती) ईपीएसजी ३२६४३ मध्ये सेव्ह करून घ्यायचा, म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर, पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीतला एक पट्टा, मुंबई त्याच पट्ट्यात येते, मग सगळं मीटरमध्ये येतं. हा आकडा मी लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवून ठेवलाय.

सावली, जी कोटेशनमध्ये कधीच नसते

आता खरा खेळ. ४२० चौरस मीटर गच्ची आहे म्हणून ४२० चौरस मीटरवर पॅनल लागत नाहीत. आमच्याकडे टाक्या नि खोल्यांनी ६० खाल्ले. कठड्याला लागून मीटरभर जागा चालायला आणि साफसफाईला सोडायची, ती चारही बाजूंनी धरली तर ८४. आणि मग सावली.

सावली कुठे पडते ते समजायला मुंबईचा सूर्य समजून घ्यावा लागतो, अवघड काही नाही. आपण १९ अंश उत्तरेला. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडे सगळ्यात खाली असतो, भर दुपारी पण क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच. म्हणजे ३ मीटर उंच लिफ्टच्या खोलीची सावली उत्तरेला पावणेतीन मीटर पडते, आणि ही वर्षातली दुपारची सगळ्यात लांब सावली. पण सकाळी साडेनऊला तीच सावली पावणेसहा मीटर होते, वायव्येकडे. दुपारी पावणेचारला तेवढीच ईशान्येकडे. उलट २१ जूनला सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो, दुपारची सावली दक्षिणेला पडते आणि ती पण वीतभर. म्हणून मुंबईत टाकीच्या दक्षिणेची जागा सोन्यासारखी, उत्तरेची जागा पापडांना द्या.

आणि "दुपार" म्हणजे बारा नाही हं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि मुंबई ७२.९ च्या आसपास, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला आपल्याकडे बहुतेक महिने साडेबारा उलटून जातात, डिसेंबरात १२:३७ वगैरे.

हे सगळं गणित नको असेल तर सोपा उपाय, डिसेंबरातल्या एका रविवारी वर जा, सकाळी साडेनऊला सावलीची कड खडूने मारा, १२:३७ ला मारा, पावणेचारला मारा. तीन रंगांचे खडू घेतले तर बघायलाही बरं वाटतं. तिन्ही रेषांच्या बाहेर जी जागा उरली ती तुमची. आमच्याकडे सावलीने ८० गेले, पापड आणि डिशसाठी ४० सोडले, उरले १५६. एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर लागतात, म्हणजे झालं १५ किलोवॉट. ३० कुठून आणले होते देव जाणे. उंच लोखंडी सांगाडा उभारून टाक्यांच्याही वरून पॅनल नेले तर बसतीलही कदाचित, पण मग लोखंडाचा खर्च, जुन्या स्लॅबवरचं वजन, जून-जुलैचा वारा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, हे सगळं त्या चहाच्या कपात नव्हतं.

मुलं असतील तर मे महिन्याच्या मध्यावर, साधारण १५-१६ तारखेला, त्यांना गच्चीवर न्या. मुंबईत तेव्हा शून्य सावली दिवस असतो, साडेबारानंतर काही मिनिटं उभ्या काठीची सावलीच गायब होते. जुलैच्या शेवटी परत एकदा येतो पण तेव्हा सूर्य दिसला तर नशीब.

किती किलोवॉट हवेत ते गच्ची नाही सांगत, बिल सांगतं

सामाईक मीटरची १२ महिन्यांची बिलं काढा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. आमचं महिन्याला सरासरी १,१०० युनिट, म्हणजे रोजचे ३७. मुंबईत एक किलोवॉट पॅनल वर्षभराच्या सरासरीने रोज ४ युनिट देतं असं धरा, ३७ भागिले ४, सव्वानऊ. म्हणजे आम्हाला १० किलोवॉट पुरे. जागा १५ ची, गरज १० ची, विकायला आलेला ३० चं.

महिन्यावार बघायचं असेल तर ग्लोबल सोलर ॲटलास नावाची जागतिक बँकेची साइट आहे किंवा युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस, दोन्हीत नकाशावर आपल्या बिल्डिंगवर क्लिक करायचं, कल आणि दिशा टाकायची (दक्षिण, १९-२० अंश), प्रत्येक महिन्याचे युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टचे आकडे बघून घाबरू नका, ढगांमुळे पडतातच. नेट मीटरिंगमध्ये (जास्तीची वीज वीज कंपनीला द्यायची आणि ती बिलातून वजा होते) एप्रिल-मेमध्ये जास्त तयार झालेले युनिट खात्यात जमा राहतात आणि त्याच आर्थिक वर्षात पुढे वापरता येतात, त्यामुळे उन्हाळ्याची कमाई पावसाळ्यात खायची, आपल्या लोणच्या-पापडांसारखंच.

सबसिडी: फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, त्यात एकट्या घराला १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,०००, आणि ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये अशी मदत ठरली, आणि हाउसिंग सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,०००. १० किलोवॉटला १ लाख ८० हजार. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवर दर बघून घ्याच. तुमची वीज बेस्टची, अदानीची, टाटाची की आमच्यासारखी महावितरणची, त्याप्रमाणे नेट मीटरचा अर्ज कुठे करायचा ते बदलतं, बाकी गणित तेच.

पाऊस मोजायला तर सॉफ्टवेअरही नको

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बस. हे एकच सूत्र शाळेत नीट शिकवलं असतं तर अर्ध्या सोसायट्यांनी टँकर बंद केले असते.

४२० चौरस मीटर गुणिले मुंबईचा मोसमी पाऊस, २,२०० मिमी धरा, त्यातलं २० टक्के वाफ, गळती, पहिलं घाण पाणी म्हणून सोडा. उरतं ७ लाख ३९ हजार लिटर. १०,००० लिटरचे ७४ टँकर. हे मी एजीएममध्ये सांगितलं तेव्हा एक क्षण शांतता पसरली होती, आमच्या एजीएममध्ये हे होत नाही.

पण पाऊस चार महिन्यांत येतो आणि साठवायला जागा नाही, ही खरी अडचण. बहुतेक लोक म्हणतात खड्डा करा, जमिनीत मुरवा. इथे थांबा आणि नकाशा बघा. मुंबईचा बराचसा खडक काळा फत्तर, बेसॉल्ट, पाणी झिरपतं ते फटीफटीतून. आणि आम्ही खाडीच्या बाजूला, पूर्वेला मिठागरं, जमिनीखालचं पाणी खारट आणि पावसाळ्यात फार खाली नसतंच. आमच्या जवळच्या एका सोसायटीने खड्डा केला, जुलैमध्ये तो काठोकाठ भरून डासांचा बंगला झाला. डोंगराच्या बाजूला, नॅशनल पार्कच्या पायथ्याशी राहत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे जुनी विहीर किंवा बोअर असेल तर त्यात गाळून सोडणं फायद्याचं. खड्डा करायच्या आधी आजूबाजूच्या दोन-तीन जुन्या विहिरींमध्ये ऑगस्टमध्ये पाणी किती वर येतं ते जाऊन बघा, नकाशावर लिहून ठेवा, एवढ्यानेच निर्णय होतो.

आम्ही काय केलं तर मुरवायच्या भानगडीत पडलो नाही, थेट वापरायचं ठरवलं. माणशी रोज ४५ लिटर फ्लशला लागतात असं सरकारी मानकच धरतं. २८ घरं, घरटी चार माणसं, ५,०४० लिटर रोज. १२० दिवसांचे ६ लाख. म्हणजे गच्चीचं पाणी आणि पावसाळ्याची फ्लशची गरज जवळपास जुळते! पाऊस रोज सारखा नसतो त्यामुळे सगळं नाही जुळणार, कोरडे आठवडे जातात, पण निम्मं जरी भागलं तरी ते पाणी भातसा-तानसाहून शंभरेक किलोमीटर पाइपातून आणायचं वाचलं. ज्यांच्याकडे फ्लशची वेगळी लाइन आहे त्यांना फक्त पावसाचे दोन पाइप वळवून, गाळणी लावून त्या टाकीत सोडायचे आहेत. पहिल्या पावसाचं पाणी आधी बाहेर सोडायचं, त्यात कबुतरांची वर्षभराची कृपा असते. वेगळी लाइन नसेल तर गाड्या धुणे, जिना, झाडं, तेवढ्यावर समाधान माना, फ्लशसाठी पूर्ण बिल्डिंग फोडणं स्वस्तातलं काम नाही.

अजून एक. पाऊस तुमच्या भागाचा बघा, "मुंबईचा" नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. एकच शहर! पालिकेची पर्जन्यमापक केंद्रं ठिकठिकाणी आहेत, आपल्याला जवळचं बघायचं.

तुंबणाऱ्या पाण्याचा नकाशा

यासाठी मी उंचीचा डेटा डाउनलोड केला होता, सॅटेलाइटवरून काढलेला, ३० मीटरचा एक ठिपका, म्हणजे ३० बाय ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची. फुकट गेली संध्याकाळ. त्यात आमचं पूर्ण कंपाउंड एका ठिपक्यात मावतं आणि तो ठिपका अर्धा गच्चीची उंची धरतो अर्धा रस्त्याची. हा डेटा डोंगर, नदी, नाल्यांसाठी चांगला, कंपाउंडसाठी नाही.

मग वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, पाऊस लागला की मी स्टूल आधी मीटर रूमजवळून उचलतो, मग ते गेटजवळ ठेवतो, तिथे पण आलं की जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर. संपला की विषय! त्याच्याबरोबर फिरून तीन जागा खडूने मारल्या, मोबाईलवर लोकेशन घेतलं, गूगल माय मॅप्सवर तीन टिपके टाकले. मोबाईलचं जीपीएस मोकळ्यावर पाचेक मीटर इकडे तिकडे होतं आणि दोन बिल्डिंगांच्या बोळात त्याहून वाईट, म्हणून लोकेशनबरोबर "मीटर रूमच्या दारापासून चार पावलं" असंही लिहा. त्यातून कळलं की मीटर रूमसमोरची फरशी उलट्या उताराची आहे, ती गवंड्याने एका दिवसात नीट केली. हा नकाशा बनवायला सॅटेलाइट नाही लागला, स्टूल लागलं.

झाडं

एक रविवार, दोन मुलं, एक शिंप्याची टेप. प्रत्येक झाडाचं नाव, घेर (जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात), बुंध्याभोवती काँक्रीट आहे का, फांद्या वायरला लागतात का. मोबाईलवर क्यूफील्ड ॲप आहे, क्यूजीआयएसचंच भावंड, त्यात भरलं की थेट नकाशा तयार. नाही जमलं तर वहीत लिहा. आमच्याकडे ११ झाडं निघाली, कोणी विचारलं असतं तर मी पाच-सहा म्हणालो असतो. दोन नारळ, एक आंबा, एक रेन ट्री, बदाम, शेवगा, बाकी सोनमोहर आणि एक वाकलेला गुलमोहर. ११ पैकी ७ झाडांच्या गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. ते मीटरभर गोलाकार उखडायला काहीच लागत नाही, एक पहार आणि एक माणूस, आणि पावसाचं थोडं पाणी तिथेच मुरतं. एक लक्षात ठेवा, झाड आपल्या कंपाउंडमध्ये असलं तरी १९७५ च्या कायद्याने तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, छाटणी पण विचारूनच, मे महिन्याआधी अर्ज टाका.

आता हिरवळीच्या नकाशाबद्दल, कारण हे हल्ली व्हॉट्सॲपवर फार फिरतं, आमच्या वॉर्डात हिरवळ वाढली बघा म्हणून. युरोपचे सेंटिनेल-२ सॅटेलाइट आहेत, २०१५ पासूनचे फोटो कोपर्निकस ब्राउझरवर फुकट, दर पाच दिवसांनी नवीन. पान जिवंत असेल तर ते लाल प्रकाश खातं आणि डोळ्याला न दिसणारा जवळचा इन्फ्रारेड परत फेकतं, त्या दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय नावाचा आकडा येतो, जितका एकाच्या जवळ तितकं हिरवं. साइटवर नुसतं निवडायचं असतं, गणित ते करतं. पण दोन गोष्टी. एक, ठिपका १० मीटरचा. आमचा पूर्ण प्लॉट ९०० चौरस मीटर, म्हणजे नऊ ठिपके, त्यातले चार गच्चीचे. याने सोसायटीची झाडं मोजता येत नाहीत, पूर्ण मुलुंड बघता येतं. दोन, फेब्रुवारीची तुलना फेब्रुवारीशीच करा. कोणीतरी मे २०१९ आणि ऑक्टोबर २०२३ शेजारी शेजारी ठेवतो आणि म्हणतो बघा किती हिरवं झालं. अरे बाबा, पाऊस पडला! जून ते सप्टेंबर तर ढगांमुळे बघायचंच नाही.

उन्हाचंही तसंच. अमेरिकेच्या लँडसॅट सॅटेलाइटचे उष्णतेचे फोटो फुकट मिळतात, नॅशनल पार्क निळा आणि कारखान्यांचे पत्रे लाल बघायला छान वाटतं, पण त्याचा मूळ ठिपका १०० मीटरचा, आणि ते पृष्ठभागाचं तापमान, हवेचं नव्हे. आपल्या गच्चीसाठी हातातला इन्फ्रारेड थर्मामीटर कोणाकडून तरी मागून आणा. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता आमच्या डांबरी वॉटरप्रूफिंगवर ६१ आलं आणि बाजूलाच जुन्या पांढऱ्या चायना मोझॅकवर ४४. (चकचकीत पत्र्यावर हे यंत्र खोटं बोलतं, तिथे भरवसा ठेवू नका.) चौथ्या मजल्यावरच्यांनी स्वतःच वर्गणी काढून डांबरावर चुना मारून घेतला, चुन्यात थोडं फेविकॉल घालून दोन हात, दर वर्षी पावसाळ्यानंतर परत मारावा लागतो. त्यांना एसी कमी लागतो म्हणतात, मी त्यांचं बिल बघितलेलं नाही.

ओल्या कचऱ्यासाठी नकाशाचा उपयोग एवढाच की ड्रम कुठे ठेवायचा, खिडक्यांपासून लांब, झाडाच्या पानांजवळ, नळ जवळ. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या सोसायट्यांना २०१६ च्या नियमांनी ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवायला सांगितलं होतं. आम्ही भंगारवाल्याचा काटा उसना घेऊन आठवडाभर वजन केलं, रोज २२ किलो निघाला, म्हणजे त्या नियमात नाही बसत. तरी करतो, मुलुंडचं डंपिंग ग्राउंड २०१८ ला बंद होईपर्यंत त्या वाऱ्याची सवय ज्यांना झाली होती त्यांना समजावून सांगावं लागत नाही. सुका पालापाचोळा आणि ओला कचरा आलटून पालटून, भोकं पाडलेला ड्रम, वास आला म्हणजे पालापाचोळा कमी पडला.

एजीएममध्ये

हे सगळं एका कागदावर आणा. क्यूजीआयएसमध्ये प्रिंट लेआउट असतो, खाली स्केल आणि वर उत्तरेचा बाण टाका, ए-थ्री साइझचा रंगीत प्रिंट काढा आणि सभेच्या आठ दिवस आधी लिफ्टशेजारी लावा. पीपीटी वगैरे करू नका, कोणी बघत नाही. लिफ्टची वाट बघताना मात्र सगळे बघतात, आणि आधी आपली खिडकी शोधतात, मग आपली गाडी, मग हळूहळू बाकीचं. सभेत आकडे सांगायची वेळच आली नाही, लोक आधीच भांडून आले होते.

१० किलोवॉट मंजूर झाले. पापडांसाठी ४० मीटर सोडले होते त्याबद्दल दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या, मला वाटलं आता कौतुक करतील. त्या म्हणाल्या, ती जागा टाकीच्या उत्तरेला दाखवलीये, तिथे सकाळचं ऊन येत नाही, तुम्ही कधी पापड वाळवलेत का? खडूच्या रेषा परत बघितल्या तर त्यांचं बरोबर होतं. दोन पॅनल उत्तरेकडे सरकवता येतील का ते आता डिसेंबरात परत वर जाऊन बघायचंय.